सुकडीचे लाडू

लग्नसराई आली की मला आधी तहान लागते. लांबून बँडचा आवाज आला की जीभ टाळूला चिकटते. घरात माठ भरलेला असतो, मुलानं फ्रीजही घेतलाय, तरी चिकटते. डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, साखर तपासा. तपासली, साखर नव्हती. मग मी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

यंदाचा उन्हाळा त्यातलाच आहे. पालीच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्यात. आमच्या गल्लीत दुपारी टँकर येतो आणि त्याच्या मागोमाग एखाद्या नवरदेवाची मिरवणूक येते, गाडीवर कपाटाएवढे भोंगे लावलेली. पाणी सांडू नये म्हणून हंड्यावर तळहात धरून चालणाऱ्या बायका आणि त्यांच्यामधून नाचत जाणारं वऱ्हाड, हे दोन्ही एकाच रस्त्यावर बघितलं की मला मान वर करवत नाही. मी काही केलेलं नाही. तरी करवत नाही.

अशात आमच्या प्रज्ञाचं लग्न निघालं. प्रज्ञा माझी नात, पुण्यात नोकरीला. लग्न सकाळी विहारात, पांढऱ्या कपड्यात, जवळच्या माणसांत. ते मला पटलं. पण संध्याकाळी रिसेप्शन, बायपासच्या लॉनवर. जागा बघायला मलाही नेलं होतं. सगळा माळ करपलेला आणि मधेच तेवढा एक तुकडा हिरवागार. याला पाणी कुठलं घालतात, असं मी विचारलं. मिलिंद, माझा मुलगा, म्हणाला, "आई, तू तिकडं बघू नको." मग मी दुसरीकडं काही बघितलंच नाही.

जेवणाचा बेत ठरवायला केटरर घरी आला. अक्षय त्याचं नाव, बोलायला गोड, दाढी कोरलेली. मांडीवर मोठा मोबाइल ठेवून चित्रं सरकवत होता.

"आज्जी, आता लोक जेवायला येत न्हाईत. बघायला येतेत. फोटो निघाला पाहिजे असं जेवण लागतंय."

"मग पोट कशानं भरायचं?"

"भरतंय की. हे बघा, एंट्रीला चिंचेचं मॉकटेल. काचेच्या बरणीत, वर पुदिन्याची काडी. मंग अंबील, एवढ्याशा ग्लासात. शेंगोळ्याचं सूप कुल्हडमधी. आन हे ज्वारीचे टाको."

"काय असतं ते?"

"भाकरीच. दुमडून आत भाजी भरायची."

"भाकरी दुमडली की मोडती."

"आमची मोडत न्हाई. मैदा घालतो."

"मग तिला भाकरी कावून म्हणतोस?"

सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. अक्षयही हसला. पोरगं वाईट नव्हतं. आपल्या मातीतलं जेवण, अशी त्यानं सगळ्या बेताची कल्पना केली होती आणि ती त्याला मनापासून आवडली होती. त्याच्या चित्रांत भाकरी होती, ठेचा होता, पाट्यावर वाटलेली चटणी होती. सगळ्यांवर उजेड पडलेला. आमच्या घरात भाकरीवर असा उजेड कधी पडला नाही.

मग प्रज्ञा म्हणाली, "आणि एक काउंटर पणजीच्या नावाचा. त्यावर सुकडीचे लाडू."

तिची पणजी म्हणजे माझी सासू.

"पणजीचा फोटो लावायचा, दूध संस्थेतला. खाली लिहायचं, दुष्काळात पणजीने गावाला लाडू वाटले. अक्षय, लोक रडतील रे."

"लई भारी हाय ताई," अक्षय म्हणाला. "आज्जी, तेवढी कृती द्या मला. सुकडी म्हंजी नेमकं काय असायचं?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले आणि उठून आत गेले.

मला आठवत नाही असं दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यातलं काही नाही.

तेव्हा मी लिंबागणेशजवळच्या माझ्या गावी होते, चौथी होऊन शाळा सुटलेली, वय लग्नाचं. रानात काही नव्हतं. विहिरींत उतरून लोक तळाची माती खरवडायचे. आम्ही सगळे दुष्काळी कामावर होतो. रस्त्याची खडी फोडायची. बाया ओळीनं बसलेल्या, डोक्यावर ऊन, हातात हातोडी, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. दगडाची कपची उडून डोळ्यात जायची म्हणून आम्ही डोळे बारीक करून बसायचो. त्या वेळच्या बायकांच्या डोळ्यांभोवती कायमच्या सुरकुत्या आहेत, त्या म्हातारपणाच्या नाहीत. दुपारी मुकादम सुकडी वाटायचा. पिवळट रंगाची भुकटी, गव्हाची, शेंगदाण्याची, सोयाबीनची, गुळाचा जरासा गोडवा. सरकार द्यायचं. प्रत्येकीनं पदर पुढं करायचा आणि त्यात मापानं पडायची. पाण्याबरोबर खाल्ली तर पोट भरायचं. पाणी नसलं तर ती घशात बसून राहायची, गिळवेना आणि थुंकवेना. मी रोज खाल्ली. चांगली होती. ती खाऊन आम्ही जगलो, त्यामुळं तिला नावं ठेवणार नाही. पण पदर पुढं करून उभं राहताना आम्ही एकमेकींकडं बघायचो नाही. त्या ओळीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि एरवी त्याच बायकांची तोंडं खडी फोडताना क्षणभर बंद नसायची.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात का केलं, हे प्रज्ञानं लहानपणी एकदा विचारलं होतं. मी सांगितलं होतं, घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून. ती हसली. तिला वाटलं, आज्जी गंमत करते.

मुलगा पालीकडचा. त्यांची माणसं तिकडं तलावाच्या कामावर. बाकी चौकशी करायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. मोठ्यांनी ठरवलं आणि माझ्या मायपुढं प्रश्न आला, वऱ्हाडाला खाऊ काय घालायचं.

आता अक्षय मोबाइल घेऊन बसतो, तशी माझी माय तेव्हा खडीच्या ढिगावर बसून बेत करत होती. भाकरी मिलोची. मिलो म्हणजे रेशनवरची लाल ज्वारी. ती सगळेच खात होते, तिची लाज कुणाला नव्हती. कालवण हुलग्याचं. प्यायला चिंचेचं पन्हं, कारण आमच्या बांधावरच्या चिंचेला त्या साली चिंचा लागल्या होत्या आणि मुकादमानं कामावरच्या टँकरमधून एक पिंप भरून घेऊ दिलं होतं. अडलं ते गोडापाशी. गोडाशिवाय वऱ्हाड उठवायचं कसं?

"सुकडीचे लाडू वळू," माय म्हणाली.

शेजारची बाई हातोडी थांबवून म्हणाली, "गं बया, सुकडी? वासानंच कळंल की लोकास्नी."

"वास मी मारते. तुमी निसती एकेक मूठ द्या."

आणि बायांनी दिली. रोज आपल्या वाट्यातली मूठ मूठ. त्यात सगळ्या जातींच्या होत्या. एरवी आमच्या माठाला हात न लावणाऱ्याही होत्या, आणि त्यांच्या मुठी आमच्या पिशवीत पडल्या. मायनं ती पिशवी आढ्याला टांगली. आम्ही भावंडं खाली झोपायचो आणि पिशवीकडं बघायचो.

लाडू वळले तो दिवस माझ्या नाकात आहे. मायनं सुकडी तव्यावर पुन्हा भाजली, चांगली खरपूस, तिचा सरकारी वास जाईपर्यंत. वाळल्या बोरांचं कूट घातलं. आमच्याकडं पोरं ते नुसतं तोंडात बुक्का मारून खातात, आंबट-गोड लागतं. तुपाच्या जागी तेलाचा हात. रेशनचा गूळ. एक लाडू तिनं आधी स्वतः चाखला, डोळे मिटून, आणि मग मला दिला.

"कळतंय का गं?"

"न्हाई कळत," मी म्हणाले. कळत होतं.

"कुनी इचारलं तर बोरकुटाचे म्हनायचं. समद्यांनी. काय?"

आम्ही सगळ्या भावंडांनी माना हलवल्या.

प्रज्ञा लहान असताना जेवायला रडायची. तेव्हा मी तिला इथपर्यंत सांगायची. आढ्याची पिशवी, मूठ मूठ गोळा करणं, बोरकुटाचे म्हनायचं. ती घास गिळायची आणि विचारायची, मग पुढं काय झालं? पुढं सगळ्यांनी लाडू खाल्ले आणि सगळे खूश झाले, असं म्हणून मी तिचं तोंड पुसायची. मी अर्धंच सांगितलं. उरलेलं तिनं स्वतःच भरून घेतलं. पणजी मोठी बाई होती, फोटोतली होती, म्हणजे लाडू पणजीनंच वाटले असणार. पोरीचं त्यात काय चुकलं?

उरलेलं असं होतं.

मी पांढरी साडी नेसून दोन तसबिरींपुढं उभी राहिले. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, लग्न लागलं. मग पंगत बसली. सगळे म्हणत होते, नवरीनं मान खाली ठेवावी. मला मान खाली ठेवता येत नव्हती, कारण लाडू वाढायला निघाले होते आणि मायचा चेहरा पांढरा पडला होता. मी बायकांच्या पंगतीकडं बघत होते. तिथं माझी सासू बसली होती. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मी पहिल्यांदाच तिला नीट बघत होते. उंच, हाडकुळी, नाक सरळ, लुगडं दुसऱ्या कुणाचं असावं असं नवं.

तिनं लाडवाचा एक घास घेतला आणि तिचं तोंड थांबलं.

मला वाटलं, संपलं. ओळखलं हिनं. आता उठेल, पत्रावळ सरकवेल, आणि माझ्या मायला सगळ्यांदेखत विचारेल. पण ती उठली नाही. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. हात लाडवासकट पदराखाली गेला आणि रिकामा बाहेर आला. वाढणारी बाई पुन्हा आली. माय तिच्या मागून आग्रह करत होती, "घ्या की इहीनबाई, अजून घ्या, बोरकुटाचे हायत, कमी न्हाई काई." आत्याबाईनं घेतला. तोही पदराखाली गेला. मग आणखी एक. मी बघतच राहिले. आणि तिनं डोळे वर केले तेव्हा मी तिच्याकडं बघत होते.

ते डोळे मी अजून विसरले नाही. आपली सून आपल्याला बघतेय, हे त्या बाईला कळलं. मी लगेच मान खाली घातली, पण लगेचला काही अर्थ नसतो.

मायनं आग्रहाच्या भरात सगळे लाडू पंगतीतच संपवले. हात आखडता दिसू नये, कमी आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून ती दोनदा दोनदा वाढत गेली. नवरीबरोबर शिदोरी द्यायची असते. आम्ही देव सोडले होते, पण शिदोरी सोडली नव्हती. निघायच्या वेळी माय टोपलीपाशी गेली आणि तिथंच बसली. मग तिनं तळाला स्वतःचं जुनं लुगडं घडी करून घातलं, वर गुळाचा खडा ठेवला आणि स्वच्छ फडकं बांधलं. वरून टोपली भरलेली दिसत होती.

आम्ही पायीच गेलो. बैल कुणाकडं उरले नव्हते. टोपली माझ्या कडेवर होती आणि ती जड आहे असं मी वाटेभर दाखवत होते.

सासरी पोचलो तेव्हा अंगणात पोरं बसलेली होती. नवऱ्याची लहान भावंडं. त्यांना लग्नाला आणलंच नव्हतं. आणली असती तर ती ज्या तऱ्हेनं जेवली असती त्यावरून सगळं उघडं पडलं असतं. त्यांच्याकडचं तलावाचं काम बंद पडलं होतं. कामच नाही तर सुकडीही नाही. ही माणसं उपाशी वऱ्हाड घेऊन आली होती, आणि आम्ही मात्र त्यांना चव कळू नये म्हणून बोरकूट घालत बसलो होतो.

आत्याबाई माझ्याकडं पाठ करून बसली. पदराची गाठ सोडली. वाटेनं लाडवांचा भुगा झाला होता. पोरांनी हात पुढं केले आणि तिनं एकेकाच्या तळहातावर तो भुगा घातला. पोरं हात चाटत होती, त्याचा आवाज येत होता.

मग पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "मायनं शिदोरी दिलीया न्हवं?"

मी टोपली पुढं सरकवली. दुसरं काय करणार होते? तिनं फडकं सोडलं, गुळाचा खडा बघितला, खालचं लुगडं बोटांनी चाचपलं. मी भिंतीकडं बघत होते. तिनं फडकं पुन्हा होतं तसं बांधलं, टोपली कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "पाय धू. पानी जपून वापर."

त्यानंतर आम्ही दोघी जन्मभर एका चुलीवर राहिलो आणि यातलं एक अक्षर बोललो नाही.

आत्याबाई बोलायला कमी नव्हती, बरं का. माझं मीठ, माझी चाल, माझं झाडणं, मी पोराला पाजायला बसले तर किती वेळ बसले, सगळ्यावर बोलायची. "तुज्या झाडूला डोळे न्हाईत का गं, कोपरा सोडून झाडतीस?" असं शेजारणींपुढं म्हणायची. पण माझ्या माहेरावर, मायवर, त्या टोपलीवर कधी नाही. दुसऱ्या सुनांच्या सासवा त्यांना तेवढ्यावरून जन्मभर टोचायच्या. माझी सासू तिथं येऊन थांबायची. आणि मीही थांबायची. मला कधी कधी वाटायचं, एकदा तिनं टोचावं म्हणजे मला उलट बोलता येईल.

एक मात्र होतं. त्यानंतर तिनं कुठल्याच लग्नात गोड खाल्लं नाही. दाढ दुखते म्हणायची. सगळे दात पडून गेले तरी दाढ दुखते म्हणायची. वाढणारे हसायचे.

पुढं बरे दिवस आले. म्हशी आल्या, कर्जानं. गावात दूध संस्था होती, पण आमच्या वस्तीचं दूध घेत नव्हती. नासकं असतं म्हणायचे. आत्याबाई रोज किटली घेऊन ओळीत उभी राहायची, रोज परत यायची. एक दिवस तिथल्या माणसानं पुन्हा तेच म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग म्हशीलाच इचार, ती कोन्या वस्तीची हाय." ओळीतले लोक हसले. हसल्यावर त्याला माप घ्यावं लागलं. वस्तीतल्या बायांना तिनं सभासद केलं, पुढं स्वतः संचालक झाली. सही येत नव्हती, मी शिकवली. संस्थेच्या वार्षिक सभेला तिचा फोटो काढला, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, ताठ. तोच फोटो आमच्या बैठकीत आहे. प्रज्ञा त्या फोटोखाली वाढली. परीक्षेला जाताना त्याच्याकडं बघून जायची. पोरीला कुणासारखं तरी व्हायचं होतं आणि ती त्या फोटोसारखी झाली, हे मला दिसतं.

म्हणूनच मला तिला सांगता येईना.

बेत ठरल्यावर मी तिला एकदा गाठली. म्हटलं, "तो काउंटर नको."

"कावून?" ती मुद्दाम आमच्या बोलीत म्हणाली. लाडात आली की ती तशी बोलते.

"जे लिहिणार आहेस ते खरं नाही."

"मग खरं काय ते सांग ना आज्जी. तेच लिहू."

सांगितलं असतं तर तिनं ती पाटी लावलीच नसती, तेवढी समज तिला आहे. पण मग बैठकीतल्या फोटोतला तो ताठ पदर तिला पुन्हा तसा दिसला नसता. दिसली असती त्याची गाठ. आत्याबाईनं सगळं आयुष्य खर्चून तो पदर सरळ केला होता. तो मी कुठल्या तोंडानं उलगडायचा? आणि न सांगावं तर एक खोटी पाटी तिच्या नावानं उभी राहणार होती, आणि पाहुणे त्या पाटीखाली हौसेनं लाडू खाणार होते.

"तुला लाज वाटते का गं आज्जी, सुकडीची?" प्रज्ञानं विचारलं. "अगं, आता लोक अभिमानानं सांगतात."

मला हसू आलं नाही. लोक कशाचाही अभिमान धरतात, पोट भरलेलं असलं की. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. वाटतच होती. कशाची ते मला नीट सांगता येत नव्हतं. खाल्ल्याची नाही, लपवल्याची नाही. एका बाईला मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिला कळलं, त्याची.

आत्याबाईच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला शिरा भरवायला गेले होते. तिनं ओठ घट्ट मिटले. डॉक्टरनं खायला सांगितलंय म्हटलं, तरी मिटले. "दाढ," एवढंच म्हणाली. मी वाटी खाली ठेवली. तिथं आम्ही दोघीच होतो. तेव्हा काहीतरी म्हणता आलं असतं. काय म्हणायचं असतं अशा वेळी, हे मला चौथीपर्यंत कुणी शिकवलं नाही आणि पुढंही नाही.

रिसेप्शन झालं. जेवणाचं कौतुक झालं, आणि ते खरंच चांगलं होतं. चिंचेच्या मॉकटेलपुढं गर्दी होती. मी एक ग्लास प्याले. मायच्या पन्ह्यात एवढा बर्फ नव्हता, बाकी चव जवळ जात होती. लोक भाकरी दुमडून खात होते आणि ती मोडत नव्हती. मला चांगल्या साडीत एका खुर्चीवर बसवलं होतं, आणि खुर्ची नेमकी त्या काउंटरशेजारी ठेवली होती. वर फोटो, खाली पाटी. लोक लाडू घेत, पाटी वाचत, माझ्या पाया पडत.

एक मीही घेतला. तूप होतं, काजू होता, वेलदोडा होता. अक्षयनं इकडंतिकडं विचारून अंदाजानं केले होते. दुसऱ्यांदा चावल्यावर खालून सोयाबीनचा तो वास आला आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

समोर उष्ट्याचं मोठं प्लॅस्टिकचं टप होतं. लोक लाडवाचा एक घास खात, छान आहे म्हणत, आणि उरलेला टपात टाकत. ग्लासांच्या तळाशी राहिलेलं मॉकटेल त्याच्यावर ओतलं जात होतं. मी टपाकडं बघत होते आणि फोटोकडं बघता येत नव्हतं. मी कुणावर चिडले नव्हते. पाहुण्यांचं पोट भरलं होतं, त्यांनी काय करावं? मला फक्त तिथं बसवत नव्हतं.

उठताना परातीत लाडू राहिलेले दिसले. काउंटरवरचा माणूस परात उचलायला लागला होता, कुठं टाकणार ते दिसतच होतं. माझा हात पुढं गेला. एक घेतला, पदरात ठेवला. मग आणखी घेतले. पदराची गाठ मारायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पाठ फिरवून, खांदे आवळून उभी आहे.

मान वर केली तर प्रज्ञा माझ्याकडं बघत होती.

नवरीच होती ती. अंगावर जड घागरा, हातभर मेंदी. तिच्या तोंडावर काय आलं ते मी ओळखलं, कारण ते एकदा माझ्या तोंडावर आलं होतं. मी वाट बघत होते की ती मान खाली घालेल. ती घागरा गोळा करत सरळ माझ्याकडं आली.

"आज्जी, डबा देऊ का? पदराला तूप लागेल."

एवढं साधं बोलली ती, सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

"नको," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, तेवढ्या गोंगाटात म्हणून टाकलं, "तुझ्या पणजीनं माझ्या लग्नात असेच नेले होते. घरची पोरं उपाशी होती. तिनं वाटले नाहीत, तिनं नेले. मी बघितलं होतं."

तिला ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. ती फोटोकडं बघत राहिली. मग तिनं पाटी काढली, उलटी करून टेबलाखाली सरकवली. फोटो राहू दिला. फोटोचा हार एका बाजूला सरकला होता तो बोटानं सरळ केला, आणि स्टेजवर बोलावलं म्हणून गेली. नंतर तिनंच मला म्हटलं, लिही हे सगळं. मी म्हटलं, पणजीचं काय? ती म्हणाली, मला ती आता जास्त ओळखीची वाटते. हे तिचं म्हणणं. मला अजून तसं वाटत नाही. लिहितानाही मला सारखं वाटतंय की मी पुन्हा बघते आहे आणि आत्याबाईनं डोळे वर केलेत.

त्या रात्री लॉनच्या दारात आमच्या नव्या विहीणबाई पाहुण्यांना निरोप देत उभ्या होत्या. शाळेत शिकवतात, स्वभावानं मोकळ्या. माझा फुगलेला पदर त्यांना दिसला. मी हातानं झाकायला गेले आणि हात तिथंच थांबवला.

"आजी, पदरात काय एवढं?"

"लाडू."

"कशाचे?"

मायचा शब्द जिभेवर तयार होता. इतकी वर्षं तो तिथंच होता.

"सुकडीचे," मी म्हणाले. माझे कान तापले होते. पदर मी सोडला नाही.